संत्र्याहून जुना रहिवासी

पावसाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की अमरावती-अकोल्याच्या पुष्कळ घरांतून एकच तक्रार ऐकू येते. गच्चीवरच्या कुंडीतील कढीपत्त्याची, ज्याला वऱ्हाडात गोडलिंब असेही म्हणतात, कोवळी पाने एकाएकी नाहीशी होतात. अंगणातील कागदी लिंबाच्या शेंड्याचीही तीच गत होते. नीट पाहिले तर पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा एक काळा-पांढरा ठिपका दिसतो. कोणी तो पुसायला जातो आणि ठिपका हलतो. हा ठिपका म्हणजे लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी होय. तिचे हे रूप पक्ष्यांना फसविण्यासाठी आहे. गृहिणीही फसते, तो भाग वेगळा.

या फुलपाखराला शास्त्रीय नाव 'पॅपिलिओ डेमोलियस' असे आहे. १७५८ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने ते दिले. पंखांचा विस्तार आठ ते दहा सेंटीमीटर, काळ्या रंगावर फिकट पिवळ्या ठिपक्यांची दाट नक्षी, आणि मागील पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी लाल रंगाचा एक ठळक डाग, एवढ्या खुणांवरून ते कोणालाही ओळखता येते. त्याच्या कुळातील पुष्कळ फुलपाखरांच्या मागील पंखाला शेपटीसारखे टोक असते. याला ते नाही. उड्डाण वेगवान व जमिनीलगतचे. घाणेरीच्या झुडपावर ते मध घेताना दिसते, पण तेव्हाही त्याचे पंख थरथरतच असतात. ओलसर मातीवर, नाल्याच्या काठी नर फुलपाखरे घोळक्याने बसून मातीतील क्षार शोषून घेतात. विदर्भातील फुलपाखरांची जी शास्त्रीय यादी डॉ. आशिष टिपले यांनी २०११ साली प्रसिद्ध केली, तीत दीडशेहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी शहरात, वस्तीत, कुंडीजवळ सहज भेटणाऱ्या थोडक्या जातींत या फुलपाखराची गणना करावी लागेल.

महाराष्ट्राने २०१५ च्या जून महिन्यात आपले राज्य-फुलपाखरू घोषित केले. असा मान फुलपाखराला देणारे हे देशातील पहिले राज्य ठरले. तो मान मिळाला नीलवंताला, म्हणजे काळ्या मखमलीवर निळी झळाळी असलेल्या मोठ्या फुलपाखराला. नीलवंत हे मुख्यतः कोकण व सह्याद्रीच्या दमट रानांतले. वऱ्हाडाच्या कोरड्या मैदानात त्याची भेट क्वचितच व्हायची. लिंबावरचे फुलपाखरू त्याचेच जवळचे भाऊबंद, दोघांच्या अळ्यांचे अन्नही एकाच वनस्पतिकुळातले. एकाला राजमान्यता आणि दुसऱ्याला औषधाचा फवारा, असा हा योग आहे.

या कुळाचे नाव लिंबू-कुळ. त्यात लिंबू, संत्रा, मोसंबी, ईडलिंबू तर येतातच. पण बेल, कवठ, कढीपत्ता आणि सताप हेही याच कुळातले. पान चुरगळले असता उग्र सुगंध येणे ही त्यांची घरगुती ओळख. पान उजेडासमोर धरले तर त्यात सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी त्या. ही तेले आणि त्यांच्या जोडीची कडवट द्रव्ये वनस्पतीने स्वसंरक्षणासाठी निर्माण केलेली आहेत. बहुतेक किडी त्यांच्यापासून दूर राहतात. या फुलपाखराच्या वंशाने मात्र ती पचविण्याची युक्ती साधली, आणि मग जे इतरांना विष ते त्याला अन्नाची खूण झाले.

मादी अंडी घालण्यापूर्वी पानावर क्षणभर उतरते आणि पुढच्या पायांनी पान झपाझप थोपटते. तिच्या पायांत चव ओळखणारी इंद्रिये असतात. पानातील द्रव्ये ओळखीची लागली तरच ती एक अंडे घालते, मोहरीहूनही बारीक, फिकट पिवळे व गोल. लगेच पुढच्या पानावर किंवा पुढच्या झाडावर. सगळी अंडी एका ठिकाणी ती ठेवीत नाही. ठेवी निरनिराळ्या ठिकाणी विभागून ठेवण्याचे शहाणपण व्यापारी घराण्यांना नव्याने सांगावयास नको. अंड्यांवर टिपण्यास बसलेले शत्रूही कमी नसतात. ट्रायकोग्रामा नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशी या अंड्यातच आपले अंडे घालते आणि अळी जन्मण्यापूर्वीच संपते.

तीन-चार दिवसांत अंड्यातून अळी बाहेर येते. पाच वेळा ती आकाराने वाढते, मधल्या काळात कात टाकते. पहिल्या चार अवस्थांत तिचे रूप विष्ठेसारखे, तर पाचव्या अवस्थेत एकदम बदलून पानासारखे हिरवे होते. अंगावर तपकिरी तिरके पट्टे येतात आणि लांबी सुमारे चार सेंटीमीटर भरते. तिला डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुभंगलेली जीभ असावी असा एक अवयव झटकन बाहेर येतो व आंबूस उग्र वास सुटतो. माणसाला त्यापासून अपाय होत नाही. मुंग्या व लहान कीटक मात्र मागे हटतात. आयुष्यात ती जेवढे खाते त्यातला बहुतांश वाटा या शेवटच्या अवस्थेतच खाल्ला जातो. म्हणूनच घरातल्यांना 'रातोरात' झाड संपल्यासारखे वाटते. अळी त्याआधी दहा-बारा दिवस तिथेच होती, दिसली तेवढी नाही.

आता वऱ्हाडातील मुख्य प्रश्नाकडे वळावयास हवे. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या तालुक्यांना संत्र्याने नाव दिले. वरुड तालुक्यातील शेंदुरजना घाट हे गाव तर संत्र्याच्या कलमांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातील वाडेगावचा कागदी लिंबू बाजारात आपला भाव राखून आहे. १९६९ साली अकोल्यात स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या पिकांवर काम करतात. या संत्रा-लिंबाच्या मुलखात लिंबावरचे फुलपाखरू 'पाने खाणारी अळी' या नावाने कीड म्हणून नोंदलेले आहे, आणि ती नोंद खोटी नाही. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेले कलम वीतभर-हातभर उंचीचे असते. त्याला जेमतेम काही डझन पाने. त्यावर तीन-चार मोठ्या अळ्या लागल्या तर आठवड्यात फक्त काड्या उरतात. कास्तकाराची किंवा रोपवाटिकाधारकाची मेहनत त्यात वाया जाते.

परंतु हिशेब इथे थांबत नाही. पाच-सहा वर्षांच्या फळत्या झाडाला हजारो पाने असतात आणि आंबिया व मृग बहाराच्या आगेमागे त्याला पुन्हापुन्हा नवती फुटत असते. अळी कोवळ्या नवतीवर बसते, जुन्या जाड पानांना ती फारशी तोंड लावीत नाही. अशा झाडावरील दहा-वीस अळ्यांनी उत्पन्नात फरक पडतो असे म्हणणे धाडसाचे होईल. वऱ्हाडातील संत्र्याचे खरे नुकसान कुठे होते हे त्या भागातील कोणाही व्यापाऱ्याला विचारावे. फळगळ, कोळशी, डिंक्या ही त्याची उत्तरे. वरुड-मोर्शीत उपशामुळे भूजल इतके खोल गेले की उन्हाळ्यात उभ्या बागा वाळल्या. त्यातून फळ हाती आलेच तर बाजार. संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक असलेल्या बांगलादेशाने २०१९ नंतर आयातशुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत नेले आणि वरुडच्या मालाचे गणित बिघडले. या खर्चाच्या यादीत फुलपाखराची नोंद तळाशीही कशीबशी लागेल.

तरीही फवारणी होते, कारण अळी दिसते आणि फळगळीचे कारण दिसत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या शत्रूवर पैसा खर्च करणे माणसाला सोपे जाते. त्या फवाऱ्यात अळीबरोबर तिच्या अंड्यांवर वाढणारी ट्रायकोग्रामा मरते, तसेच कोळशीसारख्या खऱ्या किडींना आटोक्यात ठेवणारे मित्रकीटकही मरतात. म्हणजे अल्प किंमतीच्या वसुलीसाठी मोठी ठेव मोडली जाते. फळत्या बागेत या अळीसाठी फवारा न घेणे हाच व्यवहार होय.

रोपवाटिकेत मात्र काही करणे भाग आहे. तिथे अळ्या हाताने वेचून नष्ट कराव्यात, असाच सल्ला कृषी पुस्तिका देतात. त्यातला पहिला भाग योग्य. दुसरा आवश्यक नाही. त्याहून चांगला उपाय म्हणजे जाळीघर. कलमे पिशव्यांत लावून कीटकरोधक जाळीखाली वाढविण्याची पद्धत नागपूरच्या संस्थेने पुरस्कारिली आहे, ती मुख्यतः रोगमुक्त रोपांसाठी. पण त्याच जाळीमुळे फुलपाखराची मादी पानापर्यंत पोहोचतच नाही. अंडे नाही म्हणजे अळी नाही, अळी नाही म्हणजे फवारा नाही. जाळीचा खर्च पहिल्या वर्षी जड वाटतो. फवाऱ्याचा खर्च दरवर्षी होतो व मजूरही दरवर्षी शोधावा लागतो. ज्यांची कुटुंबे रोपवाटिकांना भांडवल पुरवितात, कलमांची खरेदी-विक्री करतात, त्यांनी हा ताळेबंद एकदा मांडून पाहावा.

जैन घरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. जैन जीवविचारात भ्रमर-पतंगांची गणना चतुरिंद्रिय जीवांत होते. चातुर्मासात हिरवा पाला वर्ज्य करणाऱ्या घरात कुंडीवर कीटकनाशक मारले जाते तेव्हा त्यातील विसंगती घरातल्या मुलांच्याही ध्यानात येते. माळ्याला सांगून ते करविले तरी हिशेब बदलत नाही. खरे तर गच्चीवरच्या दोन कुंड्यांसाठी औषधाची गरज कधीच नसते. अळी ज्या पानावर बसली आहे ते पान देठासह कात्रीने कापावे आणि लिंबाच्या वा बेलाच्या मोठ्या झाडाच्या कोवळ्या फांदीत ते अडकवावे. शक्यतो ज्या जातीच्या झाडावर ती वाढली त्याच जातीचे झाड निवडावे, कारण खाण्याच्या सवयीत तीही हट्टी असते. बोटांनी धरून ओढू नये. ती पानाला रेशमाच्या अत्यंत बारीक धाग्यांनी चिकटून असते. ती निश्चल बसलेली असेल तर कात टाकण्याच्या तयारीत आहे असे समजून एक दिवस थांबावे. कढीपत्त्याला पुन्हा पालवी फुटते. खरे म्हणजे पाने खुडल्यानेच तो भरतो, हे स्वयंपाकघरातील प्रत्येक स्त्रीला ठाऊक आहे.

संत्रा नागपुरात आणला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस रघुजीराजे भोसले यांनी, औरंगाबादहून, असे परंपरेने सांगितले जाते. तिथून तो वऱ्हाडात पसरला आणि आज 'नागपुरी संत्रा' म्हणून त्याला २०१४ पासून भौगोलिक मानांकनही आहे. पण भोसल्यांच्या बागेत पहिले कलम लागण्याच्या आधीच लिनियसने या फुलपाखराला नाव देऊन ठेवले होते. मेळघाटाच्या, मुक्तागिरीच्या परिसरातील सातपुड्याच्या रानांत बेल आहे. गावोगावी, देवळांच्या आवारात व बांधांवर बेल आणि कवठ उभे आहेत. फुलपाखराचा संसार त्यांच्यावर चालला होता. संत्रा आला तेव्हा मादीने नव्या झाडाचे पान पायांनी थोपटले, चव ओळखीची निघाली, आणि नव्या पेढीत खाते उघडले गेले. कीड शेतात आली असे कास्तकार म्हणतो. वास्तविक शेतच किडीच्या जुन्या वस्तीत येऊन बसले. गेल्या पन्नास वर्षांत बांधावरचे कवठ तुटले, अंगणे फरशीची झाली, आणि मादीला अंडी घालण्यासाठी उरली ती बहुधा रोपवाटिका आणि कुंडीच.

या फुलपाखराच्या प्रदेशाचा नकाशा काढला तर तोही असाच या झाडांच्या मागे गेलेला दिसतो. पश्चिमेस इराण व अरबस्तान, मध्ये संपूर्ण भारत, हिमालयात सुमारे ७००० फुटांपर्यंत, पूर्वेस म्यानमार, थायलंड, दक्षिण चीन व तैवान. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रान तोडून लिंबूवर्गीय बागा वाढल्या तसे ते फिलिपिन्स व इंडोनेशियाच्या बेटांवर पसरले. पुढे तर समुद्र ओलांडून २००४ साली अमेरिका खंडालगतच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात त्याची नोंद झाली, आणि काही वर्षांतच ते जमैका, प्वेर्तो रिको व क्युबा या शेजारच्या बेटांवर आढळू लागले. एवढे अंतर ते उडत गेले नसणार हे उघड आहे. रोपांच्या व्यापाराबरोबर मानवानेच ते नेले असावे, असे मानले जाते. तेव्हापासून फ्लोरिडाच्या संत्रा-बागायतदारांनी त्याची धास्ती घेतली आहे. वरुडच्या रोपवाटिकेत ज्याला जुने बिऱ्हाड म्हणता येईल, तेच तिकडे परदेशी आक्रमक ठरते.

ऑस्ट्रेलियातील गोष्ट याहून विलक्षण आहे. तिथे हेच फुलपाखरू आढळते, परंतु त्याच्या अळ्या मुख्यतः लिंबू-कुळावर नव्हे तर शेंगा धरणाऱ्या एका गवताळ वनस्पतीवर वाढतात. हरभरा व तूर ज्या कुळातली, त्याच कुळातली ही वनस्पती. लिंबू कुठे आणि हरभऱ्याचे कूळ कुठे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर अकोल्यातील काष्ठौषधीच्या दुकानात सापडते. त्या ऑस्ट्रेलियन वनस्पतीची अगदी जवळची बहीण म्हणजे आपली बावची. काळ्या जमिनीत आपोआप उगवणारे हे तण, जांभळ्या बारीक फुलांचे; त्याचे बी आयुर्वेदात कोडावर सांगितले आहे व ते पोत्यांनी विकले जाते. या बियांत सोरालेन नावाचे द्रव्य असते, आणि त्याच घराण्यातील द्रव्ये लिंबू, बेल व संत्र्याच्या कुळातही आढळतात. आपल्याकडेही या फुलपाखराच्या अळ्या बावचीवर सापडल्याची नोंद आहे. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात दोन झाडे कितीही दूर असोत, मादीच्या पायांना कळते ती रसायनांची जवळीक. ज्या व्यापाऱ्याने लिंबू व बावची दोन्ही विकले आहेत त्यालाही हे नाते कधी दिसले नसेल.

लिंबाच्या झाडावर आणखी एक फुलपाखरू अंडी घालते. त्याच्या अळ्या जवळजवळ तशाच दिसतात. शहरांतील कढीपत्त्यावर तेही वारंवार येते. त्याच्या काही माद्या गुलाबी अंगाच्या एका विषारी फुलपाखराचे सोंग घेऊन वावरतात, म्हणून पक्षी त्यांना टाळतात. घरात दोहोंपैकी कोणती अळी आहे हे ओळखणे कठीण जाते. कोषातून बाहेर पडल्यावरच उलगडा होतो.

तो उलगडा पाहण्यासाठी फार थांबावे लागत नाही. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास उष्ण हवेत सुमारे एका महिन्यात पुरा होतो. थंडीत तो लांबतो. पूर्ण वाढलेली अळी खाणे सोडते आणि जागा शोधीत फिरते. पुष्कळदा झाड सोडून ती कुंडीच्या कडेवर, गच्चीच्या कठड्याखाली वा खिडकीच्या चौकटीवर जाते. तिथे शेपटीकडचा भाग रेशमाने चिकटवते, कंबरेभोवती एक धागा बांधून घेते आणि कोष होते. हिरव्या पानांत कोष हिरवा, भिंतीवर वा लाकडावर तपकिरी. दिवाळीच्या साफसफाईत असे कोष वाळलेला कचरा समजून झाडून टाकले जातात, तेवढे टाळले तर पुरे. आठ-दहा दिवसांनी कोषाचे कवच पातळ होऊन त्यातून काळ्या-पिवळ्या पंखांची नक्षी दिसू लागते. त्यानंतर बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर येते, ओले चुरगळलेले पंख खाली सोंडून काही वेळ लटकत राहते, आणि ऊन वर येईपर्यंत ते पंख वाळून ताठ होतात.